लुगड्यातून गाळलेलं पाणी

माझ्या सासूशी माझं एक दिवस पटलं नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं वाचून लोक म्हणतील, पुष्पा सासूचे गोडवे गाऊन राहिली, मेल्यावर सगळेच चांगले होतात. तसं नाही बापा. ती जिती होती तेव्हाच मी तिला तोंडावर म्हटलं होतं, "माय, तुझ्यासारखी खवट बाई अख्ख्या जबलपुरात नाही, अन् तुझ्यासारखी दुसरी एखादी असायला पाहिजे होती." ती म्हणाली, "पुरे झालं, भाजी करपून राहिली."

तिचं नाव शेवंता रामटेके. घरात तिला माय म्हणत, तर वस्तीही माय म्हणायला लागली. माहेर पवनीचं. नागपूरला दीक्षा झाली तेव्हा ती नव्या लग्नाची पोर होती. बापानं घेऊन दिलेलं पांढरं सुती लुगडं नेसून ती त्या लाखोंच्या गर्दीत उभी राहिली. त्यानंतर लगेच ती इकडे सासरी आली, कारण माझे सासरे पुंडलिकराव इथे रेल्वेत खलाशी, म्हणजे मजूर होते. तोपर्यंत नागपूर अन् जबलपूर एकाच सरकारात होते. ती इथे पोचली अन् नागपूर तिकडे गेलं, जबलपूर मध्यप्रदेशात राहिलं. "मी गाडीतून उतरले अन् सरकारनं मागून रेघ ओढली," असं ती सांगायची. माहेरची आठवण आली की त्या सरकारला शिव्या घालायची.

ते लुगडं तिनं पेटीत ठेवलं. दर वर्षी दीक्षेच्या दिवशी काढायची, नेसायची, स्वतः धुवायची, सावलीत वाळवायची. आम्हाला हात लावू द्यायची नाही. सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "मी जाईन तेव्हा मले हेच नेसवा. दुसरं नेसवाल तर उठून बसीन." आम्ही हसायचो, पण ती खरंच उठून बसली असती.

राइट टाउनच्या एका शाळेत ती पाणी पाजायच्या कामावर होती. घडवंचीवर मडक्यांची रांग, हातात लांब दांडीचं ओगराळं, अन् पुढे ओंजळी धरून पोरं. ती कामावर लागली तेव्हा काही आयांनी पोरांच्या गळ्यात घरच्या बाटल्या अडकवून पाठवल्या. का, ते वेगळं सांगायला नको. माय कोणाकडे तक्रार घेऊन गेली नाही. तिनं फक्त मडकी घासली. उन्हाळा लागला तसं बाटलीतलं पाणी दुपारपर्यंत चहासारखं तापायला लागलं, मग तीच पोरं हळूच तिच्यासमोर येऊन उभी राहायची. ती त्यांना पाजायची अन् पाजता पाजता झापायची, "ओंजळ नीट धर. अर्धं सांडून राहिला, बापाची विहीर आहे का?" त्या पोरांची पोरं पुढे तिच्याच हातचं पाणी पिऊन शिकली.

पाण्याच्या बाबतीत ती मुलखाची हट्टी. कोणी मडक्यात हात बुडवला तर अंगाचा तिळपापड. एकदा शाळेत प्रदर्शन होतं, तिथे रामकृष्ण सरांनी पोरांकडून एकावर एक तीन मडकी मांडून पाणी गाळायचं यंत्र करवलं. वर गढूळ पाणी ओतायचं, मधल्या मडक्यात कोळसा, रेती, खडी, अन् खालच्यात स्वच्छ पाणी टपकतं. माय ते दिवसभर पाहत बसली. घरी येऊन आम्हाला जेवता जेवता सांगितलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, पाहुणे आले की त्यांनाही सांगितलं. मी म्हटलं, "माय, आपल्या नळाला चांगलं पाणी येते, तुला काहून पाहिजे ते लचांड?" तर म्हणे, "येते तोवर येते."

आता भागीरथाबाईंचं सांगते, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट होत नाही. भागीरथाबाई निखाडे आमच्या भिंतीला भिंत लावून राहायच्या. तेही विदर्भातलेच, नवरा लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, मुनीम. बाई मनानं चांगली. माझ्या बाळंतपणात रात्ररात्र बसली, लोणचं घातलं की पहिली बरणी आमच्याकडे. पण आमच्या घरात पाणी पीत नव्हती. सरळ नाही म्हणायची नाही हो. माय पेला पुढे ठेवायची की हिचा उपास निघायचा. आज सोमवार, आज चतुर्थी, आज नुसतंच पोट भरलं. माय काही बोलायची नाही, दर खेपेला पेला ठेवायची मात्र. भागीरथाबाई गेली की तो भरलेला पेला दारच्या गुलाबाला ओतायची. तो गुलाब भागीरथाबाईच्या उपासांवर वाढला, असं आमचे हे, म्हणजे दिवाकर, म्हणायचे.

मंग भूकंपाचं वर्ष आलं. सत्त्याण्णवचा मे महिना, वैशाख पौर्णिमेच्या आदल्या रात्री जमीन हलली. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या विहारात खीर वाटायची होती. सगळ्या बायांनी नवी पांढरी पातळं आणून, इस्त्री करून विहाराच्या कपाटात ठेवलेली. सबिलीसाठी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला थंड पाणी पाजायला, नवी मडकी आणलेली. अन् सगळं तसंच टाकून आम्ही मैदानात पळालो. पळतानाही मायनं यांच्याकडून तिची पेटी बाहेर आणवली. मी ओरडले, "जिवाची पडली आहे का पेटीची?" ती म्हणाली, "दोन्हीची."

आमचं घर उभं राहिलं. निखाड्यांची मागची भिंत पडली. त्यांची लेक शैलजा बाळंतपणाला माहेरी आलेली होती, तिच्या पायावर विटा आल्या. लेकरू वाचलं, कारण ते आजीजवळ झोपलं होतं. शैलजेला तिच्या बापानं अन् आमच्या ह्यांनी मिळून मेडिकलच्या दवाखान्यात नेलं. लेकरू भागीरथाबाईच्या मांडीवर राहिलं. तीन महिन्यांची पोर, अन् आई दवाखान्यात. दुधाच्या पावडरचा डबा होता, बाटली होती. पाणी नव्हतं.

सकाळी नळाला हवा आली नुसती. विहारातलं भरून ठेवलेलं पिंप रात्रीच कलंडलं होतं. विहिरीत बादली सोडली तर लाल चिखल वर आला, आत कुठली माती ढासळली होती कोण जाणे. टँकर येणार, येणार म्हणून सगळे रस्त्याकडे पाहून राहिले. हे दवाखान्यातून परत येता येता डबा घेऊन तीन मोहल्ले फिरले अन् रिकामा डबा घेऊन आले. सगळीकडे तेच. उन्हं वर चढली. ती पोर रडून रडून आवाज बसवून बसली होती.

माय पाहते तर भागीरथाबाई विहिरीचं ते लाल पाणी पदरातून बाटलीत गाळून राहिली.

"काय करून राहिली वो?"

"काय करू मग? उपाशी मारू का तिले? दोनदा गाळलं."

मायनं तिच्या हातातून बाटली हिसकली अन् मातीत रिकामी केली. मला वाटलं आता भांडण पेटते. पण माय खाली बसली, तिच्या अगदी जवळ, अन् एवढ्या हळू बोलली की मी वाकून ऐकलं. "माही पहिली पोर अशाच पाण्यानं गेली, भागीरथे. मीबी पदरानंच गाळलं होतं. दोन दिवस हगवण लागली, तिसऱ्या दिवशी हातात काही उरलं नाही. कलावती नाव होतं तिचं."

मी तिची सून, इतकी वर्षं एका चुलीवर, अन् मला हे ठाऊक नव्हतं. बहुतेक ह्यांनाही नव्हतं, कारण ते तोंड फिरवून उभे राहिले.

माय उठली. पदर खोचला. तिचा तो शाळेतला आवाज निघाला, ज्याला हेडमास्तरही घाबरायचे. "पुष्पे, विहारातली नवी मडकी आण. दिवाकर, दोन मडक्यांच्या बुडाला खिळ्यानं भोक पाड, फोडशील तर तुले फोडीन. बंडूले कोळसा माग."

बंडू आमचा इस्त्रीवाला. त्याचं दुकान वाकडं झालं होतं, पण कोळशाचं पोतं शाबूत. "ले जाओ माय, आज किसके कपड़े प्रेस होना है," म्हणून त्यानं पोतंच उचलून आणलं. नुसता कोळसा, राख नाही, असं मायनं निवडून घेतलं. रेती कोपऱ्यावरच्या अर्धवट बांधकामाची. खडी म्हणून भेडाघाटच्या दगडाचे पांढरे तुकडे, एका मूर्तीवाल्याच्या दारात ढीग पडलेला असायचा. हे सगळं विहिरीच्याच पाण्यानं धू धू धुतलं, अंगातली धूळ जाईपर्यंत. कोळसा कुटला. घडवंची विहारातून आली. वस्तीतले म्हातारे कोतारे गोल करून बसले अन् सल्ले द्यायला लागले, त्यांना दुसरं काम नव्हतं.

आता कापड पाहिजे. वरच्या मडक्याच्या तोंडाला बांधायला अन् दोन्ही भोकांत बोळा म्हणून. इथे आम्ही सगळ्यांनी मिळून शहाणपणा केला. पौर्णिमेचा दिवस, लेकराच्या तोंडात जायचं पाणी, म्हणजे दानच. अन् दानाला जुनं देत नाहीत, नवंच द्यायचं, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. विहाराच्या कपाटातली आमची नवी पांढरी पातळं काढली. बायांमध्ये चढाओढ लागली, माझं घे, माझं घे. मी तर माझं घडीही न मोडलेलं पुढे केलं. मायलाही ते पटलं. तिनं माझ्या पातळाचे चार पदर करून तोंडाला बांधले, वस्तीतल्या शांताच्या पातळाचे बोळे केले, अन् वरून पाणी ओतलं.

आम्ही मडक्यांभोवती वाकलो. टप टप टप खालच्या मडक्यात पडायला लागलं. मायनं पेल्यात घेऊन उजेडात धरलं.

पांढरं. पिठाचं पाणी जसं. अन् वास आंबट.

कोणीतरी मागून म्हणालं, "लो, खीर तर इथंच झाली!" दोघंतिघं हसले. भागीरथाबाई मोठ्यानं रडायला लागली. मायनं पेला नाकाशी नेला, मग माझं पातळ बोटांत चोळलं. "खळ," म्हणाली. "नव्या कपड्याची खळ सुटून राहिली. रामकृष्ण सरांनी जुनं धोतर लावलं होतं. मले दिसलं होतं, अन् मी विसरले. गाढव आहे मी."

मग जुन्या कपड्याची शोधाशोध. विहाराला धक्का नव्हता, पण घरांत शिरायची सोय नाही, भिंती कधी येतील भरवसा नव्हता. अंगावर जे होतं ते आमच्या सगळ्यांचं नायलॉन, टेरिकॉट, त्यातून धड पाणी उतरत नाही, माती तेवढी उतरते. गाळायला सूत लागते, अन् तेही धुऊन धुऊन मऊ झालेलं. बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. असं कापड वस्तीत कुठे आहे, ते मला ठाऊक होतं. मायलाही ठाऊक होतं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. सांगायची हिंमत झाली नाही.

ती पेटीकडे गेली. पेटी उघडून वरचे कपडे बाजूला सारले अन् ते लुगडं काढलं. पांढऱ्याचं आता सायीसारखं पिवळसर झालं होतं. तिनं ते गालाला लावलं. नुसतं एकदा. मग काठाला दात लावला अन् फाडलं.

"माय!" मी ओरडले. "अवं, ते तुझ्या..."

"मेल्यावर मले काय समजणार आहे?" ती म्हणाली अन् दुसरी पट्टी फाडली. "जित्याले पाणी लागते. रडून नको राहू, हे धर."

मी रडतच धरलं. सूत सुताला सोडताना जो आवाज येतो, तो मला अजून ऐकू येतो. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. ती पट्ट्यांचे पदर मोजून मापून लावत होती, जसं काही रोजचंच काम आहे.

मडकी रिकामी केली, रेती पुन्हा धुतली, सगळं नव्यानं भरलं. पहिलं उतरलेलं पाणी फेकलं. लोक हळहळले. दुसरंही फेकलं. लोक चिडले. मायनं कोणाकडे पाहिलं नाही. तिसऱ्या खेपेचं पाणी पेल्यात घेतलं तर पेल्याचं बूड दिसलं. बंडू म्हणाला, "वाह री माय."

भागीरथाबाई बाटली घेऊन धावली. मायनं हात आडवा केला. "गाळलं म्हणजे झालं नाही. दिसते साफ, पण आत काय आहे ते दिसत नाही. उकळू दे." खिरीसाठी मांडलेली चूल पेटवली. पाणी खळाखळा उकळलं, तरी तिनं आणखी थोडं राहू दिलं. बाटलीही त्यातच उकळून काढली. मग झाकून निववलं. तो वेळ त्या पोरीच्या रडण्यात कसा गेला ते मला विचारू नका.

पोरीच्या तोंडात बाटली गेली अन् ती अशी ओढायला लागली की आजीच्या हातातली बाटली हलून राहिली. सगळं मैदान ते पाहत होतं. पिऊन झालं, ढेकर आला, डोळे मिटले. भागीरथाबाई तिला मांडीवर घेऊन बसूनच राहिली. मग मान खाली घालून म्हणाली, "शेवंता, मलेबी दे घोटभर. काल रातीपासून घशात थेंब नाही."

मी मायकडे पाहिलं. आता ही सोडणार नाही, मला वाटलं. इतक्या वर्षांचे पेले, इतक्या वर्षांचे उपास, वचपा काढायची वेळ समोर होती. चुलीवर दुसरं भगोनं नुकतंच चढलं होतं.

"थांब," माय म्हणाली. "एवढी वर्षं थांबलीस, एक उकळी आणखी थांब."

भागीरथाबाई हसली अन् हसता हसताच रडली, अन् मायही हसली. मी माझ्या सासूला असं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं. पाणी निवलं, मायनं ओगराळ्यानं तिच्या ओंजळीत ओतलं, अन् सवयीनं म्हणाली, "नीट धर, सांडून राहिली."

टँकर दुसऱ्या दिवशी आला. तोपर्यंत त्या मडक्यांखाली वस्तीतली सगळी लेकरं अन् म्हातारे पाणी प्यायले. थेंबाथेंबानं यायचं, माय घडवंचीजवळच बसून राहिली. कोणी मध्ये हात घालायला गेला की ओगराळं उगारायची. पौर्णिमेची खीर आम्ही दोन दिवस उशिरा केली. शैलजेचा पाय सांधला, थोडी लंगडते. पोरीचं नाव विनीता ठेवलं. ती पोर मग दोन्ही घरांत वाढली, अन् मायच्या शिव्या तिनं सगळ्यांत जास्त खाल्ल्या.

त्या लुगड्याचं पुढे काही उरलं नाही. पट्ट्या चिखलानं लाल झाल्या, मायनंच चुलीत घातल्या. मी एकदा विषय काढला तर म्हणे, "कामी आलं. पेटीत राहून काय उजेड पाडणार होतं?" पण त्या वर्षी दीक्षेच्या दिवशी ती नुसतीच पेटीजवळ जाऊन बसली. मला ते सहन झालं नाही. मी मागच्या अंगणात जाऊन भांडी घासायला लागले.

पुढे कधीतरी मला दिसायला लागलं की भागीरथाबाईच्या दोरीवर एक पांढरं सुती लुगडं वाळत असते. वाळलं की जाते, काही दिवसांनी पुन्हा ओलं होऊन येते. त्या घरात पांढरं कोणी नेसत नाही, तिचा नवरा हयात होता. मी मायला म्हटलं, "कोणाचं असंल वो?" ती म्हणाली, "दुसऱ्याच्या दोरीवर काहून नजर ठेवून राहिली? आपली दोरी पाह्य."

माय गेली ती बरीच म्हातारी होऊन, हिवाळ्यात, आपल्याच खाटेवर. शेवटी पाणी मागितलं तेव्हा विनीता जवळ होती. कॉलेजात जाणारी पोर, मराठी तिची अर्धी हिंदीच. तिनं चमचा पुढे नेला. मायनं ओठ बंद केले अन् डोळ्यांनीच काहीतरी विचारलं. विनीताला समजलं. "उबाला है आजी, मीच उकळलं," ती म्हणाली. मग मायनं तोंड उघडलं.

सकाळी बाया जमल्या. आंघोळ घालायची वेळ झाली. शांतानं विचारलं, "लुगडं कोणतं?" मी दुकानातून पांढरं आणवलं होतं. उलगडलं तर कागदासारखं करकर वाजलं. नवं कोरं, खळीनं ताठ. मी ते हातात धरून उभी राहिले. तिला हे कसं नेसवायचं, अन् दुसरं काही घरात नव्हतं.

तेवढ्यात भागीरथाबाई आत आल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, भिंतीला धरून आल्या. काखेत एक घडी होती. त्यांनी माझ्या हातातलं नवं लुगडं काढून घेतलं अन् ती घडी माझ्या हातावर ठेवली. पांढरं सुती, जुनं होऊन पिवळसर पडलेलं, अन् इतकं मऊ की हातावरून घसरलं.

"खळ काढून ठेवली आहे, पुष्पा," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं धुऊन राहिले होते."

मग आम्ही दोघींनी मिळून मायला ते नेसवलं.